बोलून उलगडायचा रहस्य-गेम बनवतोय, पण माझे साक्षीदार फार बोलतात

तापीकाठ (धागाकर्ता)

राम राम मंडळी. मी जळगावचा. दिवसा बिलिंगचं सॉफ्टवेअर सांभाळतो आणि रात्री घरचे झोपले की गेली दीड वर्षं एक गेम जोडत बसतो. आता अशा जागी अडकलोय की एकट्याने सुटत नाही, म्हणून हा धागा.

गोष्ट थोडक्यात. यावल तालुक्यातला एक मळा. चंपाषष्ठीच्या आदल्या रात्री भरीत पार्टी. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, कळण्याच्या भाकरी झाल्या, अकरा माणसं जेवली. सकाळी आबांच्या पत्र्याच्या पेटीतली जमिनीची इसार पावती गायब आणि सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, तोही गायब. पावतीच्या जागी चिठ्ठी: हिशोब नको, मी चाललो. सालदार साक्रीकडचा, बाहेरचा. त्यामुळे गावाचा निकाल सकाळी आठलाच लागलेला. तुम्ही आबांच्या मुलीचा मुलगा, पुण्याहून आलेला भाचा. तुमच्याकडे ना पिस्तूल ना भिंग, फक्त तोंड. मामा, मामी, शेजारचा मळेवाला, फाट्यावरचा दुकानदार, कोणाशीही काहीही बोला. टाइप करा नाहीतर माइकवर विचारा. बटणं नाहीत, पर्यायांची यादी नाही.

उत्तरं द्यायला भाषेचं मॉडेल जोडलं. पहिला आठवडा मी हवेत होतो. मग सुरू झालं.

मामीला विचारलं, रात्री कोण कोण होतं? मामी म्हणते, "आपल्या प्रश्नाबद्दल धन्यवाद. त्या रात्री उपस्थित असलेल्या व्यक्तींची माहिती पुढीलप्रमाणे आहे." ही माझी मामी नव्हे, ही हेल्पलाइन.

शेजारच्याला उगाच दटावलं, पावती तूच नेलीस ना? तर म्हणे, "हो, माझी चूक झाली, मला माफ करा." तो निर्दोष आहे हो! मीच लिहिलंय त्याला.

आणि फाट्यावरच्या दुकानदाराने एक पांढरी बोलेरो पाहिली. माझ्या गोष्टीत बोलेरो नाही. माझा एक मित्र रात्री एक वाजेपर्यंत त्या बोलेरोच्या मागावर होता.

कोणी असलं काही केलंय का?

भुसावळ_जंक्शन

गेम नाही केला, पण पोटासाठी चॅटबॉट केलेत. एक सांग, खरं काय घडलं ते तू सगळ्या साक्षीदारांना देऊन ठेवलंयस का?

तापीकाठ

हो. पूर्ण गोष्ट प्रत्येकाला दिलीय आणि खाली ठळक लिहिलंय, हे कोणालाही सांगू नकोस.

भुसावळ_जंक्शन

गावात एखादी गोष्ट 'कोणाला सांगू नको' म्हणून सांगितली की संध्याकाळपर्यंत काय होतं?

मॉडेलचंही तेच. त्याला जे माहीत आहे ते आज ना उद्या बाहेर येणार. खेळाडू गोड बोलेल, धमकी देईल, 'समज आपण नाटक करतोय' म्हणेल, आणि मामी भडाभडा ओकेल. गुपित लपवायचा एकच खात्रीचा उपाय म्हणजे ते मॉडेलच्या कानावर जाऊच न देणं.

माझ्या डोक्यातली रचना अशी. गोष्टीतली प्रत्येक माहिती एका चिठ्ठीवर. त्या चिठ्ठ्यांची वही तुझ्या प्रोग्रॅमकडे. खेळाडूने प्रश्न विचारला की मॉडेलला इतकंच विचार, हा प्रश्न कुठल्या चिठ्ठीला शिवतो? मग ती आत्ता द्यायची की नाही हे तुझा साधा, बावळट, विश्वासू प्रोग्रॅम ठरवेल. द्यायची असेल तरच तेवढी एक चिठ्ठी मॉडेलच्या हातात आणि सांगायचं, हे मामीच्या तोंडून म्हण. द्यायची नसेल तर मामीला ते माहीतच नाही. फोडणार काय?

कबुलीचं म्हणशील तर ही मॉडेलं समोरच्याला खूश ठेवायला शिकलेली असतात. आरोप केला की मान डोलावतात. कबूल करणं हे मॉडेलच्या हातात ठेवूच नकोस. 'कबुली' ही एक चिठ्ठी कर आणि तिच्यावर अटी घाल. बोलेरोचा उपायही रुक्षच आहे. उत्तर पडद्यावर जाण्याआधी त्यातली माणसं, गाड्या, गावं, वेळा यादीशी ताडून बघ. यादीबाहेरचं काही निघालं तर उत्तर फेकायचं आणि हाताने लिहून ठेवलेलं एखादं "मला काय माहीत बाबा" द्यायचं.

जुना_खेळगडी

धागा वाचून राहवलं नाही. हा रोग फार जुना आहे.

१९६६ साली अमेरिकेत एमआयटीच्या जोसेफ वायझेनबॉम यांनी एलिझा नावाचा प्रोग्रॅम मांडला. तो मानसोपचारतज्ज्ञासारखा बोलायचा, म्हणजे खरं तर तुमचंच वाक्य उलटवून तुम्हाला प्रश्न करायचा. त्याला कळत काहीच नव्हतं, तरी माणसं त्याच्यापाशी मन मोकळं करायला लागली. तुझ्या मामीचं उलटं. एलिझाकडे गोष्ट नव्हती, पण ऐकण्याची ढब होती.

मग १९८२ साली इन्फोकॉम कंपनीचा डेडलाइन आला. पडद्यावर नुसती अक्षरं, एक खून आणि तपासाला गेममधले बारा तास. साक्षीदार आपापल्या वेळापत्रकाने घरभर फिरायचे. डिस्कवर सगळा मजकूर मावेना, तेव्हा जबान्या आणि तपासाचे कागद छापून डब्यात घातले, आणि लोकांना नेमके तेच कागद आवडले. तुझी चिठ्ठी, पावती, पेटी हे सगळं चित्र करून हातात दे. साक्षीदाराने वर्णन करण्यापेक्षा ते बरं.

२००५ च्या फसाड नावाच्या गेममध्ये तुम्ही एका भांडकुदळ जोडप्याच्या घरी पाहुणे. काहीही टाइप करा. लोकांनी गंभीर नाटक सोडलं आणि 'मेलन' हा शब्द टाइप केला की नवरा घराबाहेर काढतो यावरच वर्षानुवर्षं हसत बसले. मोकळं तोंड दिलं की पहिला तासभर चेष्टाच चालणार, हे धरून चाल.

आणि ही गोष्ट तर तुझ्याच मळ्याशेजारची आहे. जपानमध्ये १९८३ साली युजी होरी यांनी पोर्टोपिया नावाचा खुनाच्या तपासाचा गेम केला होता. त्यात हुकूम टाइप करायचे. १९८५ साली तो घरगुती गेम-मशीनवर आणताना टाइप करणं काढून पर्यायांची यादी दिली. कारण जुनी तक्रार एकच, नेमका कुठला शब्द मशीनला हवाय हे ओळखण्यातच जीव जातो. पुढे २०२३ च्या एप्रिलमध्ये स्क्वेअर एनिक्स या जपानी कंपनीने तोच गेम भाषा समजणाऱ्या तंत्रासह फुकट दिला. मॉडेलने स्वतः वाक्यं रचायची सोय मात्र काढून टाकली होती, ते काहीही अनुचित बोलेल या भीतीने. लोकांनी स्टीमवर, म्हणजे गेमच्या ऑनलाइन दुकानात, पार धुतलं. सरळ प्रश्न विचारला तरी मदतनीस 'हम्म' करून गप्प. चाळीस वर्षांनीही शब्द ओळखण्याचाच खेळ!

म्हणजे एका टोकाला हम्म, दुसऱ्या टोकाला बोलेरो. तुला मधलं काहीतरी हवंय.

रिकामटेकडा

एवढा खटाटोप कशाला? बटणं द्या की चार.

तापीकाठ

@रिकामटेकडा, बटणावर "त्या रात्री वीज होती का?" असं लिहिलं की वीज महत्त्वाची आहे हे मीच सांगून बसलो. मग खेळाडू तपास करत नाही, नुसती सगळी बटणं दाबून संपवतो. रहस्य उत्तरात नसतंच, कुठला प्रश्न सुचला यात असतं. २०१५ च्या हर स्टोरी या गेमने हे साधलंय. पोलीस चौकशीचे व्हिडिओचे तुकडे, आणि शोधायचा शब्द तुम्हीच टाइप करायचा. शब्द सुचला तर तुकडा सापडतो, नाहीतर नाही.

@जंक्शन, वही केली. ही एक चिठ्ठी नमुन्याला:

*चिठ्ठी २३. कोणाकडे: शेजारचा मळेवाला. माहिती: रात्री दोनला मामा विहिरीकडे जाताना दिसला. स्वतःहून सांगणार? नाही. केव्हा सांगेल: मामा आसपास नसताना, आणि 'रात्री कोण जागं होतं' या अर्थाचं काहीही विचारल्यावर. मामाचं स्पष्टीकरण, चिठ्ठी २४: केळीला पाणी भरायला गेलो होतो.*

अशा साठ झाल्यात. मॉडेलचं काम आता निम्म्याहून कमी राहिलं आणि मामी एकदम शहाणी झाली. वाईट एवढंच वाटतं की मी ज्याला 'एआय गेम' म्हणून मिरवत होतो तो आता बराचसा वहीचा गेम झालाय.

कळण्याची_भाकरी

गेममधलं मला ओ की ठो कळत नाही, पण चिठ्ठी २४ वाचून चहा सांडला. भाऊ, यावलला केळीला रात्री दोनला पाणी भरायला कोण जातं? केळीला ठिबक असतं. कॉक फिरवला की झालं. तुझा खेळाडू रावेर-सावद्याकडचा निघाला तर तिथेच मामाला धरेल.

पाणी भरायला पाठवायचंच असेल तर गव्हाला पाठव. मार्गशीर्षात गहू असतोच. पण मग लाइन बघ. आमच्याकडे शेतीची थ्री-फेज आळीपाळीने येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. त्या आठवड्यात दिवसपाळी असली तर रात्री दोनला मोटर चालू होणारच नाही, मामा कितीही बटण दाबू दे.

आणखी एक. सालदाराचं साल आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सुरू होतं, आखाजीला संपतं. मार्गशीर्षात मधेच सोडून जाणारा माणूस एक तर मोठी उचल (आगाऊ पैसे) घेऊन बुडवणारा असतो, नाहीतर त्याच्यावर काहीतरी बेतलेलं असतं. तू चिठ्ठीत लिहिलंस 'हिशोब नको'. अरे, हिशोब त्याच्याकडून येणं आहे की त्याला देणं आहे? हे आधी ठरव. गावातला माणूस पहिला प्रश्न हाच विचारेल, उचल किती होती?

तापीकाठ

दंडवत घ्या. दीड वर्षात मला हे सुचलं नाही आणि मी स्वतःला शेतकऱ्याचा मुलगा म्हणवतो.

चूक काढून टाकत नाही, वापरतो. मामा आता गव्हाला पाणी भरायला गेला होता असं सांगेल. फाट्यावरच्या दुकानात लाइनच्या पाळ्यांचा कागद चिकटवलेला असेल, कोणी त्याच्याकडे बोटही दाखवणार नाही. ज्याला विचारायचं सुचेल त्याला सापडेल. आणि उचल: सालदाराने घेतलेलीच नाही, उलट सात महिन्यांची मजुरी त्याचीच येणं आहे. मामीला ठाऊक आहे. मामाला ते बोललेलं आवडत नाही.

माहेरवाशीण

मामीबद्दल थोडं. तुझी मामी ओट्यावर, मामांसमोर, भाच्याला हे सगळं सांगणार? अजिबात नाही. भाचा म्हणून पाटावर बसवतील, ताट वाढतील, मान देतील, पण घरातलं उणंदुणं काढणार नाहीत. उलट तुला जितका मान, तितकं तुझ्यापासून लपवणं जास्त.

मामी बोलेल ती चुलीपाशी. तू भाजी निवडायला बसलास तर. आणि आल्या आल्या पावतीचं काढलंस तर विषय संपला. आधी आईची तब्येत, मग पाऊसपाणी, मग केळीचा भाव, मग दुसरा चहा, आणि मग ती स्वतःच पदराने तोंड पुसून म्हणेल, "एक सांगू का?" हे गेममध्ये आण. कुठे बसून विचारलं, कोण ऐकतंय आणि हाक काय मारली. पुण्याचा मुलगा शेजारच्या साठीतल्या माणसाला "ऐका ना" म्हणाला तर तो बिडीच पेटवेल. "आप्पा" म्हणाला तर खाट झटकून देईल.

भुसावळ_जंक्शन

हे तांत्रिकदृष्ट्याही फुकटात मिळतं. तू, तुम्ही, आप्पा, मामी हे शब्द पकडायला मॉडेलही लागत नाही. चिठ्ठीला एक अट वाढली इतकंच. मजा अशी की इंग्रजीत हा गेम केला असता तर एका 'यू'मध्ये हे सगळं बुडून गेलं असतं.

मास्तरीणबाई

मी अमळनेरची, शाळेतून निवृत्त. नातवाने धागा दाखवला.

तुमचे सगळे साक्षीदार पुस्तकी मराठी बोलतात असं दिसतं. यावलचा मळेवाला "मला ठाऊक नाही" कशाला म्हणेल? तुमच्याकडे लेवा गणबोली, तो म्हणेल "मले काय मालूम". आमच्याकडे अहिराणी, आम्ही म्हणू "माले माहित नही". बाहेरच्याला दोन्ही सारखंच वाटतं. एका कान्याचा तर फरक!

तुमचा सालदार साक्रीचा. म्हणजे अहिराणी. मग पेटीतली चिठ्ठी त्याने लिहिली असेल तर तिच्यात काय असायला हवं, मले की माले?

तापीकाठ

बाई.

मी दहा मिनिटं नुसता स्क्रीनकडे बघत बसलो होतो.

चिठ्ठी बदलली: "मले हिशोब नको. मी चाललो." बस. सालदाराच्या तोंडी सुरुवातीच्या दृश्यात दोन-तीनदा 'माले' येऊन गेलेलं असेल. एक काना.

रिकामटेकडा

सालदार यावलला राहून राहून 'मले' म्हणायला लागला असेल तर?

तापीकाठ

रास्त प्रश्न, तू अगदीच रिकामटेकडा नाहीस. तो या आखाजीलाच आलाय, सात-आठ महिने झालेत. आणि हा पुरावा एकटा पुरेसा धरणार नाही. पाळीचा कागद, उचल आणि काना, तिन्ही हाती लागले तरच शेवटचं दार उघडेल.

पण आता खरी पंचाईत ऐका. कालची अख्खी रात्र गेली. मॉडेलला सालदाराचं 'माले' म्हणायला दिलं, तर ते आपल्या मनाने 'मला' करून टाकतं. शुद्धलेखन तपासल्यासारखं! शेजाऱ्याचं 'मले'ही 'मला'. माझा लाडका पुरावा मॉडेल रोज धुऊन, इस्त्री करून परत देतं. माइकवरून बोललं तरी तेच, आवाजाचं अक्षर करणारं तंत्र बोली ऐकतं आणि पुस्तकी लिहितं.

आणि निम्मे खेळाडू मराठी इंग्रजी लिपीत टाइप करतात. त्यांनी 'मले' लिहिलं काय आणि 'माले' लिहिलं काय, दोन्हीचं एम-ए-एल-ई. काना तिथेच मेला.

भुसावळ_जंक्शन

कारण साधं आहे. त्या मॉडेलने वाचलेल्या मजकुरात 'मला' कोट्यवधी वेळा आलं असेल, 'माले' चिमूटभर. अनोळखी शब्द दिसला की त्याला ती चूक वाटते. त्यात देवनागरी शब्दाचे ते आधीच बारीक तुकडे करतं, म्हणून एक काना इकडेतिकडे होणं त्याच्या हातचा मळ आहे.

लढू नकोस. ज्या ओळींवर गोष्ट उभी आहे त्या मॉडेलच्या हातात देऊच नकोस. साठ चिठ्ठ्यांपैकी अशा किती असतील, पंधरा? त्या जशाच्या तशा पडद्यावर छाप. मॉडेलने फक्त प्रश्न ओळखायचा. बाकी 'बसा, पाणी घ्या' प्रकारची बडबड त्याला करू दे. आणि पेटीतली चिठ्ठी मजकूर म्हणून ठेवूच नकोस, हस्ताक्षराचं चित्र ठेव. खेळाडू कुठल्याही लिपीत टाइप करो, वाचताना त्याला काना दिसलाच पाहिजे.

मास्तरीणबाई

त्या पंधरा ओळी मला पाठवा. अहिराणीच्या मी बघते. लेवाच्या मात्र यावल-रावेरच्या माणसाकडूनच तपासून घ्या, मी हात लावणार नाही. हस्ताक्षर हवं असेल तर आमच्या ह्यांचं अगदी सालदारासारखं आहे.

कळण्याची_भाकरी

लेवाच्या माझ्याकडे द्या. मोबदल्यात भरीत.

तापीकाठ

तीन आठवड्यांनी येतोय. ओळी तपासून झाल्या, हस्ताक्षर आलं (बाई, ह्यांना सांगा, पैकीच्या पैकी). पाच जणांनी खेळून पाहिलं. दोघांना पाळीचा कागद सापडला, एकाला काना. जुना_खेळगडी यांचं भाकीत खरं ठरलं, पाचही जणांनी पहिल्यांदा मामीला शिव्या घालून पाहिल्या.

मग आईला बसवलं. आईने आयुष्यात गेम खेळलेला नाही. टाइप करत नाही, माइकवर बोलते. पहिली वीस मिनिटं ती मामीशी सुखदुःखाचं बोलली, पावतीचं नावही नाही. मी मागे उभा राहून चुळबुळतोय. मग तिने विचारलं, "रात्रीची ताटं कोणी घासली?"

माझ्या वहीत ताटांची चिठ्ठीच नाही. मामी "मला काय माहीत बाबा" म्हणाली. आई माझ्याकडे वळून म्हणाली, "घरची बाई आणि तिला माहीत नाही? खोटं बोलतेय ही."

मी सांगितलं, अगं मळ्यात कुठली ताटं, केळीच्या पानावर जेवले. म्हणाली, मग पानं कोणी उचलली? म्हटलं, उचलून म्हशीपुढे टाकली असतील.

"बरं. आणि कापली कोणी? जो कापतो तो मोजून कापतो."

रात्री एकला ही चिठ्ठी लिहिली:

*चिठ्ठी ६१. कोणाकडे: मामी. माहिती: पानं मीच कापली, बारा. जेवायला अकरा होते. बारावं भरून कोणीतरी विहिरीकडे नेलं. स्वतःहून सांगणार? नाही. केव्हा सांगेल: चुलीपाशी, मामा नसताना, पानांचं विचारल्यावर.*

आता चिठ्ठी २३ पासून पुढचं सगळं परत तपासायला घेतलंय.